सातशे पानांत तळण नाही

नारिन गावच्या वाचनालयात पुस्तकं परत करायच्या रांगेत सबिरा उभी होती. तिच्या पुढे काळा रुमाल बांधलेल्या बुरुलकाकू विटेएवढी कादंबरी पोटाशी धरून, आणि त्यांची शेजारीण आयनुरा.

“संपली का हो काकू, एकदाची?” आयनुरानं विचारलं.

“संपली. नवरा गेला म्हणून बाई खिडकीतून बर्फ बघतेय. बर्फ वितळला, तरी बघतेच आहे. सातशे पानं!”

“दुःख मोठं असेल तिचं.”

“असू दे की. पण दर गुरुवारी त्याच्या नावानं पिठाच्या गोळ्यांचं तळण नको काढायला? तेलाचा वास पोचला नाही, तर गेलेला माणूस उपाशी राहतो. सातशे पानं उपाशी ठेवलाय बिचाऱ्याला!”

“लेखकाला तेल परवडलं नसेल.”

“आता ठेवेल कढई, मग ठेवेल, म्हणून शेवटपर्यंत वाचली मी.”

“तुम्ही तळता ना पण काकांसाठी?”

“एक गुरुवार चुकवला नाही.”

“मग तुम्हाला कशाला हवी होती ही कादंबरी?”

पुढची माणसं सरकली. काकू हलल्या नाहीत, आणि सबिरानंही त्यांना पुढं व्हा म्हटलं नाही.

“हात अजून दोघांचंच पीठ मळतो गं. शेजारीपाजारी वाटलं, तरी त्याच्या वाटणीचं उरतंच. त्याचं काय करायचं, तेवढं एखाद्या पानावर असेल, असं वाटलं होतं.”