हळूमॅडम मागच्या सीटवर

…आणि वर डॉक्टरीणबाई म्हणतात कशा, ‘काही नाही हो, हार्मोन्स!’ संपलं! हिरड्यांतून रक्त येतंय… हार्मोन्स. चपला एका नंबरानं लहान झाल्या… हार्मोन्स. तळमजल्यावर कुणी बूट काढले की हिला चौथ्या मजल्यावर वास येतो… हार्मोन्स! अहो, उद्या घराचं छप्पर उडालं तरी ही बाई वर बघून म्हणेल, घाबरू नका, पहिल्या खेपेला होतं असं!

थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगते. मी एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये टेबलाशी बसते, फॉर्म भरून घेते. आणि ही गोष्ट आमच्या हळूमॅडमची. खरं नाव फक्त तिच्या लायसन्सला ठाऊक. अकरा वर्षं गाडी शिकवतेय. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, आपल्या बाजूला जो जादाचा ब्रेक असतो त्याच्यावर पाय ठेवायचा आणि म्हणायचं, ‘हळू… हळू… अजून हळू…’ समोरून ट्रक अंगावर आला तरी आवाज चढायचा नाही. बाई कसली, बर्फाची लादी!

तर ही लादी आठव्या महिन्यात वितळायला लागली हो! एक दातांचे डॉक्टर यायचे शिकायला. सहा आठवडे बिचारे गाडी मागे घेताना सरावाचे खांब पाडत होते. त्या दिवशी पहिल्यांदा गाडी दोन खांबांच्या मधोमध, अलगद, लोण्यात सुरी जावी तशी लावली. शाबासकीच्या आशेनं शेजारी बघतात तर काय, मॅडमच्या डोळ्यांतून धारा! ‘ना… नापास झालो का मी?’ ‘नाही हो… किती… किती छान लावलीत…’ ती रडतेय म्हणून तेही रडायला लागले! दोन शिकलीसवरलेली माणसं बंद गाडीत बसून हमसून हमसून रडताहेत आणि मी बाहेर फॉर्म घेऊन उभी. आता यात रडण्यासारखं काय आहे, सांगा!

पण खरी पंचाईत वेगळीच. पोट मावावं म्हणून सीट मागे घेतली की पाय ब्रेकला पोचेना. ब्रेकला पाय पोचावा म्हणून सीट पुढे घेतली की पोट मावेना. शेवटी मालक म्हणाले, ‘मॅडम, आता तुम्ही घरी बसा, नाहीतर मला झोप लागायची नाही.’ आणि चौतिसाव्या आठवड्यात बाई घरी बसल्या.

बसल्या म्हणजे म्हणायला! घरी कसली बसतेय? जुन्या टूथब्रशानं कपाटांच्या बिजागऱ्या घासल्या. बाळाची सहा झबली धुतली, वाळवली, इस्त्री केली, पुन्हा धुतली. दवाखान्याची बॅग भरली, उपसली, परत भरली. मला फोन… ‘अगं, मोजे किती जोड लागतात?’ मी म्हटलं, दोन. ‘आणि हरवले तर?’ अगं बाई, जे मूल अजून चालत नाही ते मोजे हरवायला जाणार कुठे! पण ऐकते कोण? दर अर्ध्या तासानं पोटावर हात ठेवून गप्प. बाळ हललं नाही की घाबरायची, आणि जास्त हललं की त्याहून घाबरायची.

आणि सगळ्यात मोठा घोर… वेळ आली की दवाखान्यात नेणार कोण? तुम्ही म्हणाल, नवरा. नवरा! अहो, हा गृहस्थ हिच्याकडेच गाडी शिकायला आलेला. तीनदा नापास झाला आणि चौथ्या फॉर्मच्या वेळी लग्नाचं विचारलं! त्याला गाडी येत नाही ती नाहीच. शिवाय नोकरी गावाबाहेर, पाणी शुद्ध करायच्या केंद्रात, बसनं तासभर लांब. मी म्हटलं, टॅक्सी बोलाव. तर म्हणे, ‘क्लच कसा सोडतो ते बघितल्याशिवाय मी कुणाच्या गाडीत बसणार नाही.’ घ्या! कळा येताहेत आणि ही टॅक्सीवाल्याची परीक्षा घेणार!

तेवढ्यात सासूबाई आल्या मदतीला. निवृत्त शिक्षिका, गणिताच्या. ताठ कणा, मोजकं बोलणं. लग्नाला पाच वर्षं झाली तरी दोघींत ‘आई, चहा घेता?’ ‘चालेल’ याच्या पलीकडे गाडी गेलेली नाही. भांडण नाही हो, पण सलगीही नाही. नेणार कोण याची चर्चा दोन दिवस ऐकली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘मी चालवीन. माझ्याकडे लायसन्स आहे.’

होतं! दर वेळी वेळच्या वेळी नवं करून घेतलेलं. फक्त तीस वर्षांत स्टिअरिंगला हात लावलेला नव्हता. नवरा म्हणाला, ‘आई, अगं, तुला झेपेल का?’ ‘तू किती वेळा नापास झालास?’

मग रोज सकाळी दहाला हळूमॅडमच्या घरच्या गाडीत सराव. सासूबाई पुढे, हळूमॅडम मागच्या सीटवर, पोटाखाली उशी. पुढे बसवलं तर माझ्या पायाशी ब्रेक नाही म्हणून वेड लागेल, म्हणाली. मागे बसून काय वेगळं होणार होतं? सासूबाईंनी गल्लीतून गाडी काढली की हिचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. आठ दिवसांत पायपुसणं फाटलं! वेग ताशी वीस. सायकली पुढे जायच्या. एकदा तर पाठीवर दप्तर घेतलेली शाळकरी मुलगी पुढे गेली आणि वळून हसली. बस्स, मॅडमच्या डोळ्यांना पाणी. ‘किती गोड आहे ना हो ती…’ आता यात रडण्यासारखं काय आहे, सांगा!

पण एक दिवस जे झालं ना, ते ऐका. दवाखान्यात श्वासाचा वर्ग होता. नर्सबाई सांगत होत्या, ‘सांधे आपोआप सैल होताहेत, शरीर तयारी करतंय, तुम्ही फक्त अंग सैल सोडा… सोडा…’ बाकीच्या सगळ्याजणी सैल, पिठाच्या पोत्यासारख्या, आणि ही? मुठी आवळून, दात आवळून! घरी येताना सासूबाईंनी गाडी रस्त्याकडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि आरशातून बघत विचारलं, ‘भीती वाटते?’

‘दुखण्याची नाही वाटत, आई. पण अर्ध्यात आल्यावर मला वाटलं की नाही जमत… तर? गाडी असली की कडेला घेता येते हो. ते सुरू झालं की थांबवता नाही ना येत.’

सासूबाई पट्टा सोडून मागे वळल्या. मग म्हणाल्या, ‘तुझ्या नवऱ्याच्या वेळी मी सत्तावीसचा पाढा म्हणत होते. म्हटलं, डोकं ताळ्यावर राहील. सत्तावीस सक्कं आलं आणि मी चुकले. जन्मात पहिल्यांदा. मग सरळ बोंब ठोकली. तीन खोल्या पलीकडे माझी एक विद्यार्थिनी बाळंत झालेली होती, तिनं ऐकलं.’

‘मग?’

‘मग काय? झालं मूल. पाढा यायला लागतोच असं नाही.’

पाच वर्षांत पहिल्यांदा दोघी एकत्र हसल्या. इतक्या की मॅडमला शिंक आली, आणि शिंकेबरोबर जे व्हायचं ते झालं, घरी येऊन उशीचा अभ्रा धुवावा लागला… हार्मोन्स!

त्यानंतर दोनदा खोट्या कळा. दोन्ही वेळा बॅग घेऊन धावपळ, आणि नर्सबाईंचं तेच, ‘अजून अवकाश आहे, घरी जा, फिरा.’ हिला मेल्याहून मेल्यासारखं. सासूबाई मात्र खूश! ‘आज तिसऱ्या गियरला गेले.’

आणि मग तो मंगळवार. सकाळचे अकरा. गॅलरीत झबली वाळत घालताना… तिसऱ्यांदा धुतलेली, बरं का!… पायाशी पाण्याचं थारोळं. हिनं आधी बादली बघितली. बादली कोरडी. मग मात्र ‘आई!’

नवऱ्याला फोन. ‘निघालो, निघालो!’ म्हणाला आणि उलट्या दिशेच्या बसमध्ये बसला. ते जाऊ दे. इकडे गाडी निघाली. वेग वीस. कळा दर पाच मिनिटांनी. पुलाकडे जाणाऱ्या चढावर सिग्नल लाल, आणि हिरवा झाला तशी… घर्रर्र… फुस्स. गाडी बंद! मागे रांग, भोंग्यांचा गोंगाट. गाडी वीतभर मागे घसरली, आणि हळूमॅडम, जिच्या पायाशी अकरा वर्षं हक्काचा ब्रेक होता, ती दोन्ही हातांनी पुढची सीट धरून सांगतेय, ‘हँडब्रेक ओढा… ओढलात? आता क्लच पूर्ण दाबा… किल्ली फिरवा… हळू… हळू… आई गंऽऽ!’

‘काय गं? काय चुकलं?’

‘नाही… काही नाही… थोडं अॅक्सिलरेटर… आता हँडब्रेक… आई गंऽऽ, ए आई!’

‘अगं आहे मी! आहे इथेच! पण समोर बघू का मागे बघू?’

‘समोर बघ गं!’

‘बघ’ म्हणाली हो! पाच वर्षं ‘अहो आई, तुम्ही’, आणि भर चौकात एकदम ‘बघ गं’! सासूबाईंनी एकदा आरशात बघितलं, आणि गाडी अशी उचलली म्हणता… एक झटका नाही! पूल ओलांडून जरा पुढे गेल्यावर मॅडमच्या लक्षात आलं की पुढून नाक ओढल्याचा आवाज येतोय. ताठ कण्याच्या गणिताच्या बाई, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि डोळ्यांतून टपटप टपटप! दोन कळांच्या मधे धापा टाकत ही विचारतेय, ‘आता… यात… रडण्यासारखं काय आहे, सांग!’

संध्याकाळी सहाला मुलगी झाली. हिनं काय आरडाओरडा केला म्हणता! दोनदा म्हणाली, मला नाही जमत, मी चालले घरी. नर्सबाई म्हणाल्या, ‘हो हो, जाऊ, आधी हे आटपू.’ आणि सासूबाईंचा हात इतका आवळला की त्यांची बांगडी कापून काढावी लागली. नवरा पावणेसहाला पोचला, उलट्या बसनं पार पुढच्या शहरात जाऊन, तीन बस बदलून, घामाघूम. लेक बघितली आणि भिंतीला टेकून खालीच बसला. बाळबाळंतीण सुखरूप. सगळं गोड झालं.

आता तुम्ही म्हणाल, मग तू का कुरकुरतेस? अहो, सांगते ना! हळूमॅडम सहा महिने रजेवर. मालकांना रस्त्यावरच्या खुणा शिकवायला कुणीतरी हवं होतं. आणि सासूबाईंना घरी करमेना. चाळीस वर्षं शिकवलेली बाई, मालक खूश! आता आठवड्यातून तीन दिवस गाडी घेऊन येतात, ताशी वीसनं, आणि माझ्यासमोर खुर्ची टाकून मी भरलेले फॉर्म तपासतात. लाल पेनानं! काल मला दहापैकी चार दिले. चार! वर शेरा… ‘अक्षर सुधारा.’ बाथरूममध्ये जाऊन रडले हो मी. आणि माझ्या या वयात हार्मोन्स म्हणायचीसुद्धा सोय राहिली नाही!