वळखीचा कोंबडा

पालमच्या एसटीत गोजरबाई अन् रुख्मिणी शेजारी बसल्या होत्या, दोघींच्या मांडीवर एकेक कोंबडा. मागच्या सीटवर दत्तराव कान टवकारून बसले होते.

“नातीनं ह्याला सोन्या नाव ठिवलं, रुख्मिणी. आता घरात कुनी कापू देईना.”

“आमच्यात बी तेच, गोजरबाई. देवीला कबूल केलेला, अन् पोरांनी वाढदिवस केला त्याचा!”

“मंग अदलाबदल करू. वळखीचा नसला की पाप लागत न्हाई.”

कोंबडे बदलले.

“गोजरबाई, तेवढं रोज मानंवरून हात फिरवा हं. त्याबिगर झोपत न्हाई त्यो.”

“आगं, आता कसा कापू ह्याला?”

गोजरबाई मागं वळली.

“भाऊ, दोन्ही तुमीच न्या. फुकट.”

“कसं खावं, बाई? मघापासून ऐकायलोय मी. आता माझ्या बी वळखीचे झाले की.”