उन्हात काढलेला पलंग

(सन १९३१, चैत्र. काशीत दुर्गाघाटावरच्या एका मराठी बिऱ्हाडाची गच्ची. सकाळचं ऊन.)

अन्नपूर्णा : ...आणि ही खाच बघ, पाया बसतो ती. बोट नको घालू, काडी घाल. दिसले?

वेणीमाधव : बाप रे! आई, ही तर पूरी बस्ती आहे.

अन्नपूर्णा : पंधरा दिवसांत एवढे ढेकूण! तू जेलमधून आलास तेव्हाच सांगत होते, ते कांबळं गल्लीत टाक, घरात आणू नकोस. ऐकलंस का आईचं?

वेणीमाधव : म्हणून तर म्हणतो, उद्या मी दत्तात्रेयकडे जातो राहायला. दशाश्वमेधला त्याची एक खोली रिकामीच पडलीय. मी आणले, मी गेलो की झंझट खतम.

अन्नपूर्णा : ते काय तुझं बोट धरून जाणार आहेत? आज पलंग सुटा करायचा, सांध्यासांध्यात उकळतं पाणी ओतायचं, वरून रॉकेलचा बोळा फिरवायचा. संध्याकाळी एक जरी सापडला तर मला सांग. मग जायला दुसरं काय निमित्त काढतोस, तेच बघते.

यज्ञेश्वर : अगं, त्याला सांग, आधी नवार सोड म्हणावं. ओली झाली की पट्टी आवळते, मग गाठी सुटायच्या नाहीत.

अन्नपूर्णा : तो तुमच्यापासून तीन हातांवर उभा आहे.

यज्ञेश्वर : तरी सांग.

अन्नपूर्णा : वेणू, अप्पा म्हणतात, आधी नवार सोड.

वेणीमाधव : आई, अप्पांना सांग, सोडतोय.

अन्नपूर्णा : नऊ महिन्यांनी मुलगा घरी आला, आणि पंधरा दिवस मी नुसती बापलेकांची टपालं पोचवतेय. आज टपाल बंद. मी खाली जाते, पाणी उकळलं असेल. शेजारच्या बकुळकाकूंचीही समजूत काढायची आहे. काल त्यांच्या भिंतीवर दोन निघाले, तर म्हणतात, सरकारी पाहुणे आमच्याकडे कशाला पाठवता?

यज्ञेश्वर : पाणी तो आणेल की.

अन्नपूर्णा : तो नवार सोडतोय. तुम्हीच सांगायला लावलंत ना?

वेणीमाधव : गेली.

यज्ञेश्वर : हं.

वेणीमाधव : अप्पा, ते टोक धराल? एकट्यानं जमत नाही.

यज्ञेश्वर : हं. आण इकडे.

वेणीमाधव : गुंडाळू नका. घडीत परत लपतात. अशी लांब पसरा फरशीवर, तापू दे बिलकुल. धूप सहन होत नाही त्यांना.

यज्ञेश्वर : संस्कृतात मत्कुण म्हणतात.

वेणीमाधव : माहीत आहे. तुम्हीच शिकवलंत.

यज्ञेश्वर : हे पसरण्याचं कुणी शिकवलं?

वेणीमाधव : बराकीत बलिया गावचा एक म्हातारा कुंभार होता, विष्णु म्हणून. त्यानं. दर इतवारी आम्ही कांबळी आंगणात पसरायचो. सगळ्यात जास्त ढेकूण मारेल, त्याला बाकीच्यांच्या वाट्याचा गूळ. एकदा मी जिंकलो.

यज्ञेश्वर : किती मारलेस?

वेणीमाधव : एकशे बारा.

यज्ञेश्वर : गणितात एवढे कधी मिळाले नाहीत तुला.

वेणीमाधव : अप्पा, तुम्ही हसलात.

यज्ञेश्वर : ऊन येतंय डोळ्यांवर. तो पाया धर... थांब, तुझ्या मानेवरून एक आत शिरला. सदरा वर कर. वळ. हा बघ, मेला. आणि हे काय?

वेणीमाधव : चावले असतील.

यज्ञेश्वर : ढेकूण असा खांद्यापासून कमरेपर्यंत एका रेषेत चावत नाही.

वेणीमाधव : विलायती कापडाच्या दुकानापुढे धरणं धरलं होतं ना, त्या दिवशीची लाठी आहे. आता दुखत नाही. आईला सांगू नका.

यज्ञेश्वर : ये, सावलीत बस जरा.

वेणीमाधव : काम पडलंय सगळं.

यज्ञेश्वर : बस म्हणतो ना. मी तुझ्याशी बोलत नव्हतो, ते तू तुरुंगात गेलास म्हणून नव्हे.

वेणीमाधव : राहू द्या, अप्पा.

यज्ञेश्वर : बोलू दे. पुन्हा धीर व्हायचा नाही. कार्तिकात हेडमास्तरांनी मला बोलावलं. शाळा सरकारी, राजद्रोह्याचा बाप तिथे संस्कृत कसा शिकवणार? कारकुनानं इंग्रजीत कागद तयारच ठेवला होता. वेणीमाधव याच्याशी माझा काही संबंध उरलेला नाही, तो माझ्या घरी राहणार नाही. मी सही केली. मला इंग्रजी येत नाही, कशावर सही केली ते कळलं नाही, असं म्हणून आज सुटता आलं असतं. पण मी त्याला अर्थ विचारला होता. त्यानं दोनदा सांगितला. दोनदा ऐकून मी सही केली, वेणू.

वेणीमाधव : ठाऊक आहे मला.

यज्ञेश्वर : कुणी सांगितलं? तुझ्या आईलासुद्धा माहीत नाही.

वेणीमाधव : जेलरनं दाखवला कागद. म्हणाला, बाप ने भी छोड़ दिया, अब किसके लिए अड़ा है? लिख दे माफ़ी.

यज्ञेश्वर : माझा कागद... तुझ्यापुढे नाचवला?

वेणीमाधव : मी म्हटलं, सही बघू द्या. सगळा कागद इंग्रजी आणि खाली तुमची देवनागरी सही. ‘यज्ञेश्वर’मधला ज्ञ नेहमीसारखा जरा मोठा. चार महिन्यांत घरचं काही म्हणता काही दिसलं नव्हतं. तो कागदाची घडी करायला लागला, तर मी म्हटलं, साहब, एक बार और. त्याला वाटलं, मी मोडलो.

यज्ञेश्वर : आणि माफी?

वेणीमाधव : नाही लिहिली. अप्पा, तुम्ही आईकडे बघून सही केलीत. एवढं काय समजत नाही मला?

यज्ञेश्वर : भीतीनं केली. तिच्यावर ढकलू नकोस. तू आलास त्या दिवशी वाकून पाया पडलास, तेव्हा माझे पाय मागे घ्यावेसे वाटले मला. तोंड उघडलं की पहिलं हेच बाहेर येईल, म्हणून गप्प राहिलो.

वेणीमाधव : मला वाटलं, तुम्हाला माझी लाज वाटते.

यज्ञेश्वर : लाज वाटत होती. तुझी नव्हे.

वेणीमाधव : झालं ना आता? चला, दुसरा पाया काढू.

यज्ञेश्वर : थांब. म्हणजे तू दत्तात्रेयकडे निघालास, तो काही ढेकणांपायी नाही.

वेणीमाधव : कागदात लिहिलंय ना, मी तुमच्या घरी राहत नाही. उद्या कुणी शाळेत जाऊन सांगितलं, याचा मुलगा तर रोज आपल्या मंगळागौरीच्या गल्लीतून जातो-येतो, मग? ढेकणांचा बहाणा बरा होता. वाटलं, आईला पटेल.

अन्नपूर्णा : नव्हता पटला. सरका दोघं, पातेलं पेटलंय नुसतं.

यज्ञेश्वर : तू कधी आलीस वर?

अन्नपूर्णा : ‘दोनदा ऐकून’ म्हणालात तेव्हा. जिन्यात उभी होते, हात भाजेपर्यंत. पाया तिरपा धरा. तुम्ही तिकडून, वेणू इकडून. ओतते हं... बघा, बघा कसे बाहेर पडतायत! चेपू नकोस रे, घाण येते. वाहू दे पन्हाळीकडे.

वेणीमाधव : आई, पुढच्या इतवारी तू बराकीत चल. सगळा गूळ तुझा.

यज्ञेश्वर : अगं, रागावलीस?

अन्नपूर्णा : रागावलेय. सही केलीत म्हणून नाही. पाच महिने एकट्यानं पोटात ठेवलंत म्हणून. रात्र रात्र कुशी बदलायचात आणि मी त्याचा दोष अंथरुणाला देत होते. आता दुसरी खाच दाखवा.

यज्ञेश्वर : वेणू, खाली जा. फळीवरची माझी दौत, टाक, पाटी आणि एक कोरा कागद घेऊन ये. हात धुऊन आण.

वेणीमाधव : आत्ता?

यज्ञेश्वर : आत्ताच. पाणी आटेपर्यंत धीर टिकेल माझा.

अन्नपूर्णा : गेला तो. आता खरं सांगा. पाठीवर काय आहे त्याच्या? न्हाणीघराची कडी लावून अंघोळ करतो, पूर्वी कधी लावली होती?

यज्ञेश्वर : ढेकूण चावलेत.

अन्नपूर्णा : तुम्हाला खोटं बोलता येत नाही.

यज्ञेश्वर : चावलेत म्हटलं ना.

अन्नपूर्णा : बरं. रात्री हळद लावून देईन. काही विचारणार नाही.

यज्ञेश्वर : नोकरी जाईल कदाचित.

अन्नपूर्णा : ते कळलंच मला, दौत मागवलीत तेव्हा.

यज्ञेश्वर : घाटावर शिकवण्या करीन. संस्कृत शिकवणारा कुणी उपाशी मेलेला पाहिलायस काशीत?

अन्नपूर्णा : पोटभर जेवलेलाही पाहिला नाही. पण करू काहीतरी. मी पापड लाटीन. तो पाया उन्हात ठेवा आधी, भिजतोय.

वेणीमाधव : हं, आणलं. दौतीत शाई थोडीच आहे.

यज्ञेश्वर : पुरेल. बस इथे, पाटीवर कागद ठेव. इंग्रजीत लिहायचं, हेडमास्तरांना. तुझं इंग्रजी चांगलं आहे.

वेणीमाधव : अप्पा, विचार करा. हा कागद पोचला की परत येत नाही.

यज्ञेश्वर : पहिला पोचला तोही परत आला नाही. लिही. वेणीमाधव हा माझा मुलगा आहे आणि तो माझ्या घरी राहतो.

वेणीमाधव : पुढे?

यज्ञेश्वर : एवढंच. घाई करू नकोस, अक्षर चांगलं काढ.