आंब्याखालचा कोपरा

पैसेवाल्यांपुढे मी कधी वाकले नाही, ते आईकडून शिकले. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट. बंदरात गोण्या वाहता वाहता आगबोटींचा मालक झालेला मुंबईचा एक शेठ शहापूरकडे जमिनी घेत सुटला होता. माझ्या विधवा आईने आमचा माळ द्यायचं कबूल केलं, पण आंब्याखालचा कोपरा सोडून. तिथे माझा धाकटा भाऊ पुरला होता. दात न आलेलं मूल आमच्यात जाळत नाहीत. पुरतात आणि वर दगड ठेवतात.

मी शाळेत गेले नव्हते, पुड्यांच्या कागदांवरून वाचायला शिकले होते. शेठ मुनीमाला घेऊन माळावर आला. आई खरेदीखतावर अंगठा लावणार तेवढ्यात मी म्हटलं, "थांब गो आये. यात कोपरा पण लिवलाय."

मुनीम म्हणाला, "एका दगडासाठी शेठनी भिंत वाकडी घालायची काय?"

आई थेट शेठकडे वळली. "तुमाला बंगले हायेत, बोटी हायेत. माझ्या पोराला एवढीच जागा हाय. ती नाय द्यायची."

शेठ दगडापाशी गेला. "बाई, माझा मुलगा माझ्याच बोटीवर होता. लढाईत बोट बुडाली. कुठे बुडाली, तेही कोणी सांगत नाही."

त्याने स्वतःच्या हाताने कागदावरचा कोपरा खोडला. आई ओढ्यात उतरली, एक गोल दगड घेऊन आली आणि त्याच्या हातात दिला.

"ठेवा माझ्याच्या बाजूला. तुमचा मोठा हाय, माझ्या तान्ह्याला सांभाळंल."