उजवीकडची पाकळी

डिचोलीच्या बसस्टँडवर गौरवी सुर्ल्याच्या बसची वाट बघत होती. मागच्या बाकावरचे दोन आवाज तिच्या ओळखीचे निघाले. एक गावच्या संघाचा गोलकीपर सिद्धेश, दुसरे त्याचे कोच सगुणकाका.

“पेनल्टी डावीकडे गेली, मी उजवीकडे झेपावलो नि संघ लीगमधून खाली आला. वर्ष झालं काका, गावात कोण धड बोलत नाही माझ्याशी.”

“उजवीकडे जा म्हणून मीच सांगितलं होतं रे तुला.”

“सकाळी सातेरीला कौल लावून.”

“देवीच्या मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडेच पडली होती.”

“मग?”

“माझ्या उजवीकडे. देवी आपल्याकडे तोंड करून बसलीय. तिची ती डावी.”

“हे कळलं कधी तुम्हाला?”

“बॉल जाळीत गेला तेव्हा.”

“आणि वर्षभर गप्प? देवीवर बोल येऊ नये म्हणून मी लोकांच्या शिव्या खाल्ल्या, काका!”

“येत्या रविवारी सगळ्या गावाला सांगतो.”

“गावाचं राहू दे. कौलाचं मी फक्त आईला सांगितलं होतं. तेव्हापासून ती देवळाची पायरी चढलेली नाही. आधी तिला सांगा.”

“तुझ्या आईसमोर? त्यापेक्षा देवीसमोर उभा राहून कबूल करतो.”

“देवीला ठाऊक आहे, काका.”