वारा घराकडे होता

नाव पहिल्या पानावर आहे. इमारतीत मला मोठ्या बाई म्हणतात. वय त्रेसष्ट. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त. राहणार दातांच्या दवाखान्याच्या वर, तिसरा मजला, रस्त्याकडची बाजू. सोबत धाकटी बहीण, अविवाहित.

कोणी बोलावलेले नसताना मी स्वतः ठाण्यात हजर राहून सांगते की, काल संध्याकाळी मी पाव घेऊन घरी परतत होते. वारा माझ्या पाठीमागून, म्हणजे इमारतीच्या दिशेने होता. सगळ्या मजल्यांवर वाळत घातलेले कपडे भिंतीला चिकटले होते. दातांचे डॉक्टर फुटपाथच्या कडेला गाडीचे दार उघडत होते. ते एकदम खाली बसले. खांद्याचे हाड मोडले होते. शेजारी जुनी लोखंडी इस्त्री पडली होती.

इस्त्री पाहून सगळ्यांनी चौथ्या मजल्याकडे माना वर केल्या, कारण तिथे शिंपी राहतो आणि गळक्या नळावरून त्याचे व डॉक्टरांचे भांडण आहे. शिंपी खाली येऊन म्हणाला, "अहो, माझी इस्त्री विजेची आहे. असली धोंड तर माझ्या आजोबांनीही टाकून दिली होती." कोणी ऐकले नाही. आपण पोलीस त्याला ठाण्यात घेऊन आलात. मी पाव घेऊन जिना चढले.

ती इस्त्री आमची आहे. आईची. मुठीवरची निळी चिंधी आमच्या शाळेच्या गणवेशाची आहे. पडदा उडू नये म्हणून त्याचे टोक खिडकीच्या कट्ट्यावर त्या इस्त्रीखाली दाबून ठेवतो.

वर गेल्यावर मी बहिणीला विचारले. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "वाऱ्यानं पडली असेल, ताई. पडदा उडाला आणि गेली."

पडदा वाऱ्याने आत, खोलीकडे उडत होता. इस्त्री ओढली जायची तर आत यायला हवी होती.

तरी मी हिशोब करून पाहिला. खिडकीची उंची दहा मीटर धरली तर वस्तू खाली यायला साधारण दीड सेकंद लागतो. एवढ्या जड लोखंडाला तो वारा तेवढ्या वेळात फार तर वीतभर हलवेल, आणि तेही भिंतीकडे. इस्त्री भिंतीपासून साडेतीन मीटरवर पडली. म्हणजे खिडकीतून निघतानाच तिला सेकंदाला अडीच मीटरचा वेग होता. तो वाऱ्याचा नव्हे. इथे हवालदार म्हणाले, "बाई, आम्हाला पेपर कशाला सोडवून दाखवता?" तरी हे लिहावे अशी माझी विनंती आहे.

आमच्या कॉन्व्हेंट शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मदरनी आम्हाला वरच्या सज्ज्यातून एक दगड आणि एक रुमाल सोडून दाखवला होता. "दगड बहिरा असतो. वाऱ्याचं फक्त रुमाल ऐकतो," असे त्या म्हणाल्या. दगड सरळ खाली आला. रुमाल कुंपणापलीकडे गेला. तो बहिणीचा होता. ती रडत त्याच्यामागे धावली. मी तिला माझा दिला. जबाब घेणाऱ्या साहेबांच्या मते याचा गुन्ह्याशी संबंध नाही.

डॉक्टर बरीच वर्षे दर रविवारी आमच्याकडे पत्ते खेळायला येत. माझा डाव कच्चा असल्याने मी चहा करत असे. दोन रविवार ते आले नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांचे लग्न आहे. याहून अधिक मला सांगायचे नाही.

"बहिणीनं फेकली असं म्हणणं आहे का तुमचं?" असे साहेबांनी विचारले. मी फेकताना पाहिलेले नाही. घरात तेव्हा ती एकटी होती. दुसरी किल्ली माझ्या पर्समध्ये होती. शिंप्याचा यात हात नाही. त्याला सोडावे.

आज निघताना बहिणीने घडी केलेला रुमाल माझ्या हातात दिला आणि विचारले, "वारा कुठून होता म्हणून सांगशील?"

मी म्हटले, "होता तिकडूनच."

ती म्हणाली, "शाळेतही तू मला कधी कॉपी करू दिली नाहीस." मग दार तिनेच लावून घेतले.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. वाऱ्याच्या वाक्याशी साहेब थांबले आणि काही बदलायचे आहे का, असे त्यांनी विचारले. बदलायचे नाही. मी सांगितले तसेच लिहिले आहे.