जित्या घोडीची कबर

माझा व्याही हनीफ, राहणार बीबी गाव, यानं मले फसवलं. लिहा ताई, पहिलं हेच लिहा, बाकीचं मागून. मी करीम, चिखलीचा घोड्यायचा व्यापारी, ज्याले आजवर कोणी लंगडं शिंगरू खपवू शकला नाही, त्याले घरातल्या माणसानं फसवलं, चांगली जिती घोडी मेली म्हणून सांगतलं, अन् मी मानलं. मले अजून पटत नाही. सकाळी उठतो, तबेल्यात जातो, तिच्या मानेवर हात ठेवतो, मान गरम लागते, तवा कुठं खात्री पटते की हाव, आहे.

माझे अब्बा टांगेवाले होते. ऑटो आले तसा टांगा अंगणात उभा राह्यला, कोंबड्या त्यात अंडे घालू लागल्या, अन् अब्बा त्याच्याकडे पाहत बसून राह्यले. मी नाही बसलो. शाळा सोडली, बाजारोबाजार फिरलो, घोड्याचे दात पाहून वय सांगणं शिकलो, खूर ठोकून दुखणं ओळखणं शिकलो, अन् रुमालाखालचा सौदा शिकलो. तुमाले माहीत नसंल. आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नसतात, चारचौघायले ऐकू जाते. दोघं जण हातावर रुमाल टाकतात अन् आत एकमेकायचे बोटं धरतात, जितके बोटं तितका भाव. वरून बोलणं पावसापाण्याचं, तुमच्याकडं कपाशी कशी आहे, पोराचं लग्न जमलं काय, अन् आत नुसती झोंबाझोंबी. माझं डोकं तापट आहे, बायकोले विचारा, पण रुमालाखाली माझा हात कधी तापला नाही. त्याच हातानं मी तबेला उभा केला, वरातीच्या घोड्या ठेवल्या, पक्कं घर बांधलं. कोणाच्या बापाची त्यात एक वीट नाही.

आता ती घोडी. घोडी म्हणतो मी, खरं तर ठेंगणं तट्टूच ते, पांढरं. लोणारच्या रस्त्यानं मेंढपाळ चालले होते, अन् या तट्टावर त्यायचा सारा संसार, भांडे, गोधड्या, खाट उलटी बांधलेली, खाटेत कोकरं, अन् मधात एक तान्हं लेकरू. मी रसवंतीवर बसलो होतो. चालता चालता एक कोकरू घसरलं, अन् ते तट्टू जागच्या जागी थांबलं. पुढचा एक पाय उचललेला होता, तो तसाच वर. मेंढ्या पुढं गेल्या, कुत्रं भुकलं, मागून ट्रकवाल्यानं हॉर्न दाबला, पण पाय खाली नाही. मग म्हातारी आली, कोकरू सरकवलं, तट्टाच्या पुठ्ठ्यावर थाप मारली, तवा पाय टेकला. मी हातातला गिलास ठेवून दिला. म्हटलं, हे जनावर मले पाहिजे. म्हातारी रुमालाखाली अशी भिडली की माझे बोटं मोडायचेच बाकी ठेवले, अन् वरून म्हणे, लेकरा, उसाचा रस गोड होता का?

घरी आणलं तवा माझी लेक रुबीना शाळेत होती. तिनंच नाव ठेवलं, मॅडम. म्हणे अब्बा, ही आमच्या शाळेतल्या मॅडमसारखीच आहे, आपलं चुकलं की पाय वर करून उभी राहते, सुधरल्याशिवाय धडा पुढं जात नाही. अन् खरंच, मोहल्ल्यातले किती लेकरं तिच्यावर बसायले शिकले, काय सांगू तुमाले. लेकरू जरा कलंडलं की ती थांबायची. मांड्या आवळून नीट बसलं की चालायची. मले काही शिकवाच नाही लागलं, मी नुसता शिव्या द्यायले उभा.

पण बसणं मागून. आमच्याकडं लेकरू आलं की पहिलं लीद काढायची, मग खरारा करायचा, मग खुरातले खडे काढायचे, मग पाठीवर हात. अन् एक कायदा सगळ्यात वरचा. धावून आलेल्या घोडीले लगेच पाणी पाजायचं नाही. तिले फिरवायची, छातीवर हात लावून पाहायचा, छाती थंड लागली की मग बादली. गरम घोडीनं पाणी पेलं की पोटशूळ उठते, जनावर लोळून लोळून मरते. हे मी लेकरायच्या कानात रोज घालायचो. आता वाटते, काऊन घातलं?

आमच्या घरात मॅडम कोणा एकाची नव्हती. ज्या घरात लेकरू शिकायच्या वयाचं, त्या घरी मॅडम. रुबीनाचं लग्न बीबीले झालं, तिची सना शाळेत जाऊ लागली, तशी मी मॅडमले टेम्पोत टाकून स्वतः बीबीले सोडून आलो. हनीफभाईले म्हटलं, ही तुमची नाही, माझीही नाही, ही सनाची मास्तरीण, शिकून झालं की वापस. हनीफभाईनं दोन्ही हातानं माझा हात धरला. त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं आहे, कडबाकुट्टीत गेलेलं. सोयरिकीच्या दिवशीही त्यानं असाच हात धरला होता, तवा ते थोटं माझ्या तळव्यात रुतलं होतं. म्हणे, करीमभाई, अमानत आहे, जिवापाड सांभाळतो.

सना, मले नाना म्हणते अन् हनीफभाईले दादा, ती तर जन्मलीच घोडीवर बसायले. मी जायचो तवा ती लांबूनच ओरडायची, नाना, हात सोडून बसते, पाहा! आधी छाती पाहू दे, मी म्हणायचो. ती म्हणायची, नाना, मॅडमची छाती थंड आहे, तुमचंच डोकं गरम आहे.

मग एक दिवस हनीफभाईचा फोन. रडत होता. करीमभाई, मॅडम गेली, पोटशूळ उठला, डॉक्टर येईपर्यंत खल्लास. मी पोचलो तवा शेताच्या बांधाजवळ मातीचा ढीग होता, त्यावर गोटे रचलेले, उशाशी कडुलिंबाचं रोप. लेकरायनं झेंडूच्या माळा टाकल्या होत्या, त्याले ते कबर म्हणत होते. सना शेतातल्या गोठ्याच्या भिंतीले चिकटून उभी, माझ्याकडं आलीच नाही. मले वाटलं, दुःख आहे, लेकरू आहे. मी गोट्यावर हात ठेवला अन् बापा, अब्बा गेले तवा रडलो नसंन तसा रडलो. दात पाहिल्याशिवाय मी गाढव घेत नाही, अन् त्या दिवशी ढेकूळही उचलून पाह्यलं नाही. व्याह्याच्या रडण्याचे दात कोण पाहते, ताई?

आता ऐका. यंदाच्या लग्नसराईत चिखलीत एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या पोराची वरात होती. ऊन उतरलं होतं. डीजे असा की छाती फुटावी. नवरदेव घोडीवर, त्याच्या पुढ्यात भाच्याले बसवलेलं, अन् घोडीले मोत्यायची झालर, डोळ्यापर्यंत झाकलेली, पायात घुंगरू. मी धंद्याचा माणूस, घोडीकडं पाह्यलंही नाही, जिलेबी कुठं तळून राह्यले ते पाहत होतो. अन् तेवढ्यात वरात अडकली. डीजेवाला म्हणे पुढं चला, पोरं नाचता नाचता थांबले, घोडीवाला लगाम ओढून राह्यला, छडी मारून राह्यला, चल बे, चल. घोडी हालत नाही. मी वळून पाह्यलं. पुढ्यातलं लेकरू एका बाजूले कलंडलं होतं, नवरदेवाचं लक्ष मोबाईलकडं.

अन् घोडीचा पुढचा एक पाय वर होता.

मी गर्दीत घुसलो. लेकरू धरलं, सरळ बसवलं, पुठ्ठ्यावर थाप मारली, अन् पाय खाली टेकला. मी झालर वर केली अन् ओरडलो, मॅडम! आजूबाजूच्या चार बायकायनं वळून पाह्यलं, एक तर म्हणे, काय झालं हो भाऊ? अन् तिनं, मॅडमनं, कान फिरवला, नाक माझ्या खिशाले लावलं. गुळाचा खिसा तो. ज्या घोडीच्या कबरीवर मी रडलो होतो ती माझ्या खिशात गूळ शोधत होती. मी खालीच बसलो, भर रस्त्यात.

घोडीवाला जावेद, लोणारकडचा पोरगा. मी त्याची कॉलर धरली, चोर म्हटलं, लय काही म्हटलं. तो म्हणे, चाचा, कॉलर सोडा, चोरीची नाही, बाजारात घेतली, तुम्हीही व्यापारी, मीही व्यापारी. कोणाकडून घेतली? नाव नाही माहीत, तोंडाले दस्तीचं फडकं बांधून होता, म्हणे धूळ लय आहे. चेहरा नाही सांगता येत, पण चाचा, हात सांगतो. रुमालाखाली मी तीन बोटं धरले अन् मधलं अर्ध्यातच संपलं. मी हसलो, म्हटलं मामू, हे अडीच समजू का तीन?

अडीच समजू का तीन. हे ऐकलं अन् माझे कान बंद झाले. डीजे वाजत होता म्हणतात, मले नाही ऐकू आला. ते थोटं माझ्या तळव्यात पुन्हा रुतलं.

मॅडम मी तिथंच वापस घेतली. नवरदेव वर बसलेला, वरातवाले बोंबलून राह्यले, अन् आम्ही दोघायनं हातावर रुमाल टाकला. डोळ्यातून पाणी चालू अन् खाली बोटं चालू. घासाघीस सोडली असं खोटं काऊन सांगू? जावेद म्हणे, चाचा, रडता की भाव पाडता? म्हटलं, दोन्ही. त्यानं एकच अट घातली, वरात मांडवापर्यंत नेऊ द्या. नेली. मी लगाम धरून पुढं चाललो, आयुष्यात पहिल्यांदा डीजेसमोर.

दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन बीबीले गेलो. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी ठेवला. सौद्यात मी आपला भाव आधी सांगत नसतो. आत जाऊन बसलो, चहा घेतला, हनीफभाईले म्हटलं, व्याही, मॅडमची लय याद येते, कशी गेली ती, एकदा पुन्हा सांगा. त्यानं उसासा सोडला. सना दाराशी उभी होती. अन् त्यानं तिच्याकडं हात केला, तोच अर्ध्या बोटाचा हात, अन् म्हणे, तुमाले वाईट वाटंल म्हणून बोललो नव्हतो करीमभाई, पण या पोरीनं धावून आलेल्या घोडीले बादली लावली. लेकरू आहे, माफ करा.

ताई, घोडी विकली, पैशाची नड असंल, हे मी समजू शकतो. विकू देता का म्हणून मले विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हेही त्याले माहीत होतं, म्हणून त्यानं तिले तोंडानंच मारून टाकलं, हेही समजलो. पण लेकराच्या माथी? माझाच कायदा घेऊन? म्हणून सना त्या दिवशी भिंतीले चिकटली होती. म्हणून ती चिखलीले यायची बंद झाली होती.

मी उठलो, टेम्पोतून मॅडम उतरवली, अंगणात आणली. रुबीनाच्या हातातून परात पडली. हनीफभाई म्हणे, दुसरी असंल, पांढऱ्या साऱ्या सारख्याच दिसतात. अन् सना खाटेखाली शिरली. आतून म्हणे, नाना, ही मॅडम नाही, मॅडमले मी मारलं. कितीक वेळ निघाली नाही. मग मॅडमच गेली, मान खाली घालून खाटेखाली नाक घातलं, फुरफुर केली. सना बाहेर आली, तिच्या केसात माती. तिनं मॅडमच्या छातीवर हात ठेवला, ठेवलाच, अन् मग माझ्याकडं पाहून विचारलं, नाना, मग दादा काऊन खोटं बोलले?

मी हनीफभाईकडं पाह्यलं. तो चप्पल घालून शेताकडं निघून गेला.

आता रुबीना अन् सना माझ्याकडं आहेत. जावई येते, बसते, मान खाली घालून जाते, त्याच्याशी माझं भांडण नाही. लोकं येतात समजवायले, करीमभाई, घोडी मिळाली ना, मिटवा, लेकीचं घर आहे. कसं मिटवू? सना रोज लीद काढते, खरारा करते, खुरातले खडे काढते, हात सोडून बसतेही. पण पाणी पाजत नाही. बादली भरते, उचलत नाही, म्हणते नाना, तुम्ही पाजा. छाती थंड असते, मी तिचा हात धरून तिथं लावतो, तरी म्हणते, तुम्ही पाजा.

म्हणून लिहा ताई, अन् हे त्याले बीबीत कोणी वाचून दाखवा. हनीफभाई, घोडीचं मी रुमालाखाली पाहून घेतलं, ते राहू द्या. पण या पोरीनं तुमाले एक गोष्ट विचारली आहे अन् तुम्ही चप्पल घालून निघून गेले. चिखलीले या. रुमाल न टाकता, तोंडाले दस्ती न बांधता, तिच्यासमोर बसा, अन् त्या बादलीकडं पाहून तिले जवाब द्या.